हँडलचा बाक आणि मनगटाची तक्रार

माउंटन बाइकचे हँडल जवळजवळ सरळ असते, तर दूधवाल्याच्या काळ्या सायकलचे हँडल चालवणाऱ्याकडे वळलेले असते. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. मनगट, कोपर आणि पुढचे चाक यांच्यातील एक जुना व्यवहार त्यामागे आहे.

माउंटन बाइक घेऊन पहाटे घराबाहेर पडलेला सायकलस्वार दोन-अडीच तासांनी एक हात हँडलवरून उचलतो, बोटे उघडमीट करतो आणि हात झटकतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झालेले असते. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताची पाळी येते. मग जाड हातमोजे घेतले जातात, मऊ रबराच्या मुठी बसवल्या जातात, सीट थोडी पुढे-मागे केली जाते. या उपायांनी कधी आराम पडतो, कधी पडत नाही. ज्या नळीला तो तासन्‌तास धरून बसलेला असतो, तिच्या आकारावर मात्र संशय क्वचितच घेतला जातो.

वास्तविक सायकलच्या इतिहासात सरळ हँडल हा अपवाद आहे. टपाल वाटणारे, दुधाच्या कॅन वाहणारे, शाळेत जाणारे अशा कोट्यवधी लोकांनी ज्या सायकली चालवल्या, त्यांची हँडले मागे वळलेली होती. इंग्लंडमध्ये या आकाराला ‘नॉर्थ रोड’ हे नाव पडले. ब्रिटिश सायकलींबरोबर तो भारतात आला आणि पुढे देशी कारखान्यांतून निघालेल्या काळ्या ‘रोडस्टर’ सायकलींनी तो खेडोपाडी नेला. अशा सायकलीवर माणूस ताठ बसतो, कोपरे अंगालगत राहतात आणि मुठी हाताच्या रेषेतच येतात. मग डोंगरात जाणाऱ्या सायकलीने हा आकार का सोडला? आणि आज काही मंडळी तो पुन्हा माउंटन बाइकवर का बसवत आहेत?

पेन्सिलींचा साधा प्रयोग

या प्रश्नाचे अर्धे उत्तर घरबसल्या मिळते. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरावी, डोळे मिटावेत, खांदे सैल सोडावेत आणि तळवे जमिनीकडे ठेवून दोन्ही हात पुढे करावेत. डोळे उघडल्यावर दोन्ही पेन्सिली एका सरळ रेषेत दिसत नाहीत. त्यांची आतली, म्हणजे अंगठ्यांकडची टोके पुढे गेलेली असतात आणि करंगळ्यांकडची बाहेरची टोके मागे, शरीराकडे आलेली असतात. मूठ मिटल्यावर तळव्यात बसणारी वस्तू हाताच्या लांबीला अगदी काटकोनात राहत नाही, थोडी तिरपी बसते. ही मानवी हाताची स्वाभाविक ठेवण आहे. तिरपेपणा किती, हे मात्र माणसागणिक बदलते.

आता त्याच दोन पेन्सिली एका रेषेत आणून पाहाव्यात. त्यासाठी दोन्ही मनगटे अंगठ्याच्या बाजूला वळवावी लागतात. क्षणभर त्याचे काही वाटत नाही. परंतु ज्याचे कोपर खाली सैल सोडलेले आहे, अशा सायकलस्वाराला सरळ हँडलवर हीच स्थिती तासन्‌तास सांभाळावी लागते. त्यात शरीराच्या वजनाचा काही भाग तळव्यांवर पडलेला असतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा नळीतून हातापर्यंत पोहोचत असतो.

बोटे बधिर होण्याचे कारण येथेच सापडते. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना पुरवणारा ‘अल्नर’ हा मज्जातंतू तळव्याच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूने एका अरुंद वाटेतून जातो. तेथे त्याच्यावर फारसे स्नायूंचे आच्छादन नसते. हँडलचा दाब, धक्के आणि वाकलेले मनगट यांचा परिणाम एकत्र झाला की हा तंतू दबतो. वैद्यकात या तक्रारीला ‘हँडलबार पाल्सी’ असे नावच पडले आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर दाब मनगटाच्या मध्यातून जाणाऱ्या ‘मीडियन’ या दुसऱ्या मज्जातंतूवर असण्याची शक्यता अधिक असते. बहुतेक वेळा विश्रांतीने बरे वाटते. मात्र दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला, सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळू लागली किंवा पकड सैल झाली, तर प्रश्न सायकलच्या दुकानाचा उरत नाही. तो डॉक्टरांचा होतो.

अर्थात सगळा दोष नळीच्या आकाराला देणे योग्य होणार नाही. सीटचे नाक खाली झुकलेले असले की शरीर पुढे घसरते आणि वजन हातांवर येते. हँडल फार लांब किंवा फार खाली असले तरी तेच होते. मूठ विनाकारण घट्ट आवळण्याची सवय तर बहुतेकांना असते. या गोष्टी तपासल्यावरही तक्रार उरली, तर हँडलच्या बाकाचा विचार करायला हवा.

सरळ नळी आली कोठून?

माउंटन बाइकचा जन्म ज्या सायकलींपासून झाला, त्यांची मूळ हँडले मागे वळलेलीच होती, ही या कथेतील गंमत आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन कौंटीत, काही तरुण माउंट टमालपाइस या डोंगराच्या परिसरातील कच्च्या रस्त्यांवरून जुन्या सायकली पिटाळत असत. १९३०-४० च्या दशकांतील श्विन कंपनीच्या, जाड टायरांच्या आणि वजनदार सांगाड्याच्या या सायकली मुळात मुलांनी गावात चालवण्यासाठी बनलेल्या होत्या. त्यांना लाडाने ‘क्लंकर’ म्हटले जाई.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ अशा सायकलींची उताराची शर्यत झाली. चार्ली केली हे तिचे आयोजक होते. सुमारे २ मैलांत १३०० फूट खाली उतरणाऱ्या या रस्त्यावर मागच्या चाकातील ‘कोस्टर’ ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ पडले. गॅरी फिशर यांनी तेथे नोंदवलेली ४ मिनिटे २२ सेकंदांची वेळ विक्रम म्हणून टिकून राहिली.

अशा उतारावर अंगालगतची कोपरे आणि मागे वळलेल्या मुठी उपयोगाच्या नव्हत्या. चाक दगडावर आदळून फिरू नये म्हणून हातांना रुंद पकड हवी होती. म्हणून त्या तरुणांनी मोटारसायकलींची रुंद हँडले आणि ब्रेकचे भक्कम दांडे आपल्या सायकलींवर चढवले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा बनवला. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची यांनी घडवलेले सांगाडे विकण्यासाठी ‘माउंटनबाइक्स’ ही कंपनी काढली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीच्या ‘स्टम्पजम्पर’ने ही सायकल सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत नेली. या सुरुवातीच्या सायकलींची हँडले रुंद होती, आणि त्यांना थोडाफार बाकही होता.

हा बाक जवळजवळ नाहीसा झाला तो शर्यतींच्या काळात. माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. स्पर्धकाला चढावर पुढे झुकून जोर लावायचा असे, दाट झाडीतून निसटायचे असे आणि वजन ग्रॅमाग्रॅमाने कमी करायचे असे. त्यामुळे हँडले सरळ तर झालीच, पण ५६० ते ५८० मिलिमीटर इतकी अरुंदही झाली. हँडल आणि पुढचा चिमटा यांना जोडणारा तुकडा, म्हणजे ‘स्टेम’, लांबत गेला. मनगटाला आराम हवा म्हणून या नळ्यांच्या टोकांना शिंगांसारख्या ‘बार-एंड’ मुठी लावण्याची पद्धत पडली. सरळ नळीवर हाताला पुरेशा जागा मिळत नाहीत, याचीच ती कबुली होती.

पुढे धक्के शोषणारे चिमटे आले, उतारावरचा वेग वाढला आणि हँडले पुन्हा रुंद झाली. आज ७४० ते ८०० मिलिमीटर रुंदीची हँडले आणि ३५ ते ५० मिलिमीटरचे आखूड स्टेम सर्रास दिसतात. बाक मात्र बहुतेक हँडलांत ७ ते ९ अंशांच्या आसपासच राहिला.

बाकाचे पुनरागमन

शर्यतीच्या या प्रवाहाशेजारून दुसरा एक लहान प्रवाह सतत वाहत होता. १९९२ आणि १९९३ मध्ये ब्रिजस्टोन कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने ‘एक्सओ-१’ ही सायकल मिशीच्या आकाराचे, मागे वळलेले हँडल लावून विकली. तेथे काम करणाऱ्या ग्रँट पीटरसन यांनी १९९४ मध्ये ‘रिव्हेंडेल’ ही स्वतःची कंपनी काढली आणि तेव्हापासून रुंद, मागे वळलेल्या हँडलांचा सातत्याने पुरस्कार केला. ऑरेगन राज्यातील जेफ जोन्स यांनी खास माउंटन बाइकसाठी ४५ अंश बाकाचे ‘एच-बार’ तयार केले. ते केवळ गावात फिरण्यासाठी नसून दगडधोंड्यांच्या वाटेवरही चालावे, हा त्यांचा आग्रह होता. जर्मनीतील ‘एसक्यूलॅब’ या कंपनीने मधला मार्ग निवडून १२ आणि १६ अंश बाकाची हँडले बाजारात आणली.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीने या हँडलांना नवे गिऱ्हाईक दिले. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्सपर्यंत जाणारी ‘टूर डिव्हाइड’ ही सुमारे ४,४०० किलोमीटरची स्वारी बहुतांशी कच्च्या रस्त्यांवरून होते. तेथे रोज दहा-बारा तास सीटवर बसणाऱ्याला एका वळणावर वाचणारा अर्धा सेकंद महत्त्वाचा वाटत नाही. पंधराव्या दिवशीही बोटांत जीव असणे हे त्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते.

आकड्यांत पाहिले तर

मागे वळलेले हँडल लावले की नेमके काय बदलते, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. समजा, मधल्या सरळ भागानंतर प्रत्येक बाजूचा वळलेला भाग २०० मिलिमीटर लांब आहे आणि तळव्याचा मध्य या भागावर १३५ मिलिमीटरवर येतो. बाक ८ अंशांचा असेल तर तळहात सरळ रेषेपेक्षा सुमारे १९ मिलिमीटर मागे येतो. बाक ४५ अंशांचा असेल तर तो सुमारे ९५ मिलिमीटर मागे येतो. म्हणजे केवळ हँडल बदलल्याने हात साडेसात सेंटिमीटर शरीराकडे सरकतात. शिवाय टोके आत आल्याने एकूण रुंदी साधारण ११ सेंटिमीटर कमी होते. ७८० मिलिमीटरचे हँडल जणू ६७० मिलिमीटरच्या आसपास येते.

या दोन आकड्यांतच फायदा आणि तोटा दोन्ही दडलेले आहेत. हात मागे आल्याने पाठ सरळ होते, तळव्यांवरचा भार सीटकडे जातो आणि मान वर करून पाहण्याचा ताण कमी होतो. परंतु तोच भार पुढच्या चाकावरूनही उतरतो. तीव्र चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटू लागते. निसरड्या वळणावर त्याची पकड सुटू शकते. उभे राहून पायडल मारताना गुडघे हँडलच्या टोकांना लागतात. आखूड स्टेम आणि मोठा बाक एकत्र आले, तर हात चाकाच्या वळणाच्या अक्षाच्याही मागे येतात. मग हँडल वळवताना हात पुढे-मागे होण्याऐवजी आडवे हलतात आणि होडीचे सुकाणू धरल्यासारखे वाटते. सवय होईपर्यंत हे विचित्रच वाटते.

उतारावर कसोटी

खरी कसोटी खडकाळ उतारावर लागते. तेथे अनुभवी सायकलस्वार सीटवरून उठतो, छाती खाली नेतो आणि कोपरे पंखांसारखी बाहेर काढतो. कोपर बाहेर गेले की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आतल्या दिशेने तिरपा होतो, आणि आता सरळ हँडल मनगटाला बरोबर बसते. पेन्सिलीच्या प्रयोगात सरळ नळीने मनगट वाकवले, कारण तेथे कोपर सैल आणि खाली होते. कोपराची जागा बदलताच निकालही बदलतो. सरळ हँडल चुकीचे नाही. ते एका विशिष्ट पवित्र्यासाठी बनलेले आहे, आणि तो पवित्रा दिवसभर कोणी घेऊन बसत नाही, इतकेच.

ब्रेक लावताना आणखी एक भेद जाणवतो. ब्रेक दाबले की शरीर पुढे ढकलले जाते. सरळ नळीवर तळवा नळीला समोरून टेकतो आणि आधार मिळतो. खूप वळलेल्या नळीवर तळवा नळीच्या लांबीने पुढे सरकू पाहतो, त्यामुळे तो अडवण्यासाठी मूठ आवळावी लागते. मोठाल्या दगडांवरून किंवा पायऱ्यांसारख्या वाटांवरून वेगाने उतरणाऱ्याला ४५ अंशांचे हँडल म्हणूनच बहुधा मानवत नाही. याउलट बसून चढताना ते सुखाचे वाटते, कारण खेचण्याचा जोर हाताच्या सरळ रेषेत लागतो.

बदलण्यापूर्वी

हँडल बदलायचे ठरले तर काही गोष्टी आधी पाहणे हिताचे असते. मुठींच्या जागी नळीचा व्यास २२.२ मिलिमीटर असेल तरच माउंटन बाइकचे ब्रेक आणि गिअरचे दांडे त्यावर बसतात. शर्यतीच्या सायकलींच्या खाली वळलेल्या हँडलांचा व्यास २३.८ मिलिमीटर असतो, त्यावर ते बसत नाहीत. स्टेममध्ये अडकणारा मधला भाग २५.४, ३१.८ किंवा ३५ मिलिमीटरचा असू शकतो, तो स्टेमशी जुळला पाहिजे. हात मागे येणार असल्याने स्टेम थोडा लांब घ्यावा लागतो. ज्या सायकलचा सांगाडा पुढून लांब आहे तिला हा बदल सोसतो. ज्या सायकलीवर आधीच दाटीवाटीने बसावे लागते तिला तो सोसत नाही. ब्रेकच्या तारा किंवा तेलाच्या नळ्या नव्या जागेपर्यंत पुरतात का आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर त्या ताणल्या जात नाहीत ना, हेही तपासून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मजबुतीचा आहे. गावात फिरण्यासाठी बनवलेली सुबक हँडले डोंगरातील धक्के सोसतीलच असे नाही. निर्मात्याने माउंटन बाइकसाठी योग्य असल्याचे सांगितलेलेच हँडल घ्यावे. घरचे सरळ ॲल्युमिनियमचे हँडल गॅरेजमध्ये वाकवून घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. वाकवलेल्या जागी धातू कमकुवत होतो, भेग आतल्या आत वाढते आणि नळी एखाद्या उतारावर, कोणतीही सूचना न देता तुटते. मोडलेले हँडल सावरण्याची संधी देत नाही.

महाराष्ट्रात माउंटन बाइक म्हणून विकत घेतलेली सायकल बहुधा डांबरी रस्त्यावर, कार्यालयाच्या वाटेवर किंवा रविवारच्या सिंहगड चढणीवर चालवली जाते. तिला खड्डे भेटतात, गतिरोधक भेटतात, पण कोपरे बाहेर काढून उतरण्याजोगे खडक क्वचितच भेटतात. म्हणजे हँडल ज्या पवित्र्यासाठी घडवले, तो पवित्रा येथील अनेक सायकलस्वार कधी घेतच नाहीत. अशांना १२ किंवा १६ अंशांचा मधला बाक पुरेसा ठरू शकतो, आणि केवळ सपाट रस्त्यावर दूर जाणाऱ्यांना त्याहून मोठाही. सह्याद्रीतल्या दगडी पायवाटा तुडवणाऱ्याने मात्र आपले सरळ हँडल घाईने सोडू नये.

निर्णय घेण्याआधी आणखी एक बिनखर्चाची परीक्षा करता येते. सायकल भिंतीला टेकवून सीटवर नेहमीसारखे बसावे, पेन्सिली मुठीत धरून डोळे मिटून हात पुढे करावेत आणि कोणाला तरी त्या पेन्सिलींचा कोन हँडलशी ताडून पाहायला सांगावे. कोन थोडा जुळत नसेल, तर मुठी आणि ब्रेकचे दांडे किंचित फिरवूनही काम भागते. फारच जुळत नसेल, तर हात झटकत घरी परतणाऱ्या त्या सायकलस्वाराने पुढच्या वेळी हातमोज्यांच्या दुकानात शिरण्याआधी समोरून सायकल घेऊन जाणाऱ्या दूधवाल्याचे हँडल एकदा नीट पाहून घ्यावे.